तोतया नावांवरचा पहारा: एका डोमेन निगराणी सेवेचे वर्षभरानंतरचे परीक्षण

आमच्या एका जुन्या ग्राहकाच्या लेखा विभागात एके दिवशी आमच्या कंपनीच्या नावाने मेल आला. आमचे बँक खाते बदलले असून यापुढची देयके नव्या खात्यात भरावीत, एवढाच त्याचा मजकूर होता. भाषा नेटकी होती, खाली सही आमच्याच माणसाची होती आणि आधीचा पत्रव्यवहारही जसाच्या तसा जोडलेला होता. फरक एकाच ठिकाणी होता. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात आमच्या नावातले इंग्रजी 'एम' हे अक्षर नव्हते आणि त्या जागी लहान लिपीतली 'आर' व 'एन' ही दोन अक्षरे एकमेकांना खेटून बसली होती. मोबाइलच्या पडद्यावर ही जोडी 'एम'सारखीच दिसते. तिथल्या लेखापाल बाईंनी पैसे भरण्याआधी फोन करून विचारले, म्हणून निभावले. आमचा ट्रेडमार्क रीतसर नोंदलेला होता आणि त्याचे नूतनीकरणही वेळेवर झालेले होते, पण त्या नोंदणीचा त्या क्षणी काहीही उपयोग नव्हता, कारण डोमेन नाव, म्हणजे संकेतस्थळाच्या आणि मेलच्या पत्त्यातले नाव, विकत घेताना कोणीही कोणाचा ट्रेडमार्क तपासत नाही. जो आधी मागेल त्याला ते नाव मिळते.

या प्रसंगानंतर आम्ही डोमेन नावांवर नजर ठेवणारी एक सशुल्क सेवा घेतली आणि ती पूर्ण वर्षभर वापरली. सेवेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही तक्रारी येणार आहेत आणि त्यांतील बऱ्याचशा या प्रकारच्या कोणत्याही सेवेला विचाराव्यात अशा आहेत. करारात तीन कामे होती: आमच्या नावाशी मिळतीजुळती नावे नोंदली जाताच कळवणे, त्यांपैकी घातक नावे बंद पाडण्यासाठी पाठपुरावा करणे, आणि गरज पडल्यास नाव आमच्याकडे हस्तांतरित करून मिळावे यासाठी तक्रारीचा मसुदा तयार करणे. चौथे काम करारात नव्हते, पण दर महिन्याला सुचवले जात असे. त्याविषयी पुढे.

पहिल्या कामाचा आवाका किती असतो हे समजण्यासाठी थोडे गणित करावे लागते. नऊ अक्षरांचे, एकही अक्षर दोनदा न आलेले नाव घ्या. एक अक्षर गाळले तर ९ नावे होतात, शेजारची दोन अक्षरे उलटसुलट केली तर ८, एका अक्षराच्या जागी दुसरे ठेवले तर २२५, आणि एक अक्षर जादा घुसडले तर २५१. म्हणजे एकाच चुकीतून ४९३ नावे तयार होतात आणि ही संख्या केवळ एका एक्स्टेन्शनची, म्हणजे नावाच्या शेवटी येणाऱ्या 'डॉट कॉम'सारख्या एका भागाची, आहे. अशी एक्स्टेन्शन आज हजाराहून अधिक आहेत. त्यातच मूळ नावाला 'लॉगिन', 'सपोर्ट', 'पेमेंट' असे शब्द जोडून केलेली नावे धरली, तर यादीला अंतच राहत नाही. त्यामुळे 'आम्ही सर्व शक्य नावांवर नजर ठेवतो' हे सेवेच्या माहितीपत्रकातले वाक्य शब्दशः घेऊ नये. प्रत्यक्षात काम उलट्या दिशेने चालते. शक्य नावांची यादी धरून बसण्यापेक्षा रोज नव्याने नोंदलेल्या नावांची यादी मिळवायची आणि तिच्यात आपल्या नावाशी साम्य असलेली नावे शोधायची, ही खरी पद्धत.

ही रोजची यादी कुठून येते, हा प्रश्न सेवा घेण्याआधी विचारायचा राहून गेला, ही आमची चूक. डॉट कॉम, डॉट नेट यांसारख्या सर्वसाधारण एक्स्टेन्शनच्या झोन फाइली, म्हणजे चालू नावांच्या अधिकृत याद्या, आयकॅन या डोमेन नावांची जागतिक व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेच्या केंद्रीय यंत्रणेतून अर्ज करून मिळतात. मात्र देशांच्या दोन अक्षरी एक्स्टेन्शनपैकी बहुतेकांच्या याद्या खुल्या नसतात. तिथे नोंदलेले तोतया नाव सेवेला बरेचदा सर्टिफिकेटच्या वाटेने कळते. संकेतस्थळाच्या पत्त्याशेजारी कुलूप दिसण्यासाठी जे प्रमाणपत्र घ्यावे लागते, त्याची नोंद सार्वजनिक नोंदवहीत होते. ही 'सर्टिफिकेट ट्रान्स्परन्सी' नावाची व्यवस्था २०१३ मध्ये मांडली गेली आणि एप्रिल २०१८ नंतर दिलेल्या प्रमाणपत्रांसाठी क्रोम ब्राउझरने ती सक्तीची केली. कोणत्या नावाला कधी प्रमाणपत्र मिळाले हे त्या नोंदवहीत कोणालाही फुकट पाहता येते. आमच्या सेवेचे या बाबतीतले काम चोख होते. एक तोतया नाव सकाळी प्रमाणपत्र घेऊन उभे राहिले आणि त्याच दिवशी दुपारी आम्हाला सूचना आली, तेव्हा त्या संकेतस्थळावर अजून मजकूरही चढलेला नव्हता. पण ज्याने देशाच्या एक्स्टेन्शनवर नाव घेतले आणि प्रमाणपत्र घेतलेच नाही, तो या जाळ्यातून सहज निसटतो. सेवेच्या प्रतिनिधीने हे आम्हाला पाचव्या महिन्यात, तेही आम्ही विचारल्यावर सांगितले.

यापुढे माझी मुख्य तक्रार येते. प्रत्येक सूचनेला ही सेवा धोक्याचे गुण देते आणि हे गुण मुख्यतः तोतया नावावर उभ्या असलेल्या पानाच्या छायाचित्रावरून ठरतात. पानावर आमचे बोधचिन्ह दिसले, आमच्यासारखे रंग दिसले, लॉगिनची चौकट दिसली, की गुण वाढतात. पान कोरे असेल किंवा 'हे नाव विक्रीस आहे' एवढेच लिहिलेले असेल, तर गुण घटतात आणि ती सूचना यादीच्या तळाशी जाते. हा तर्क वरवर पटण्यासारखा आहे, पण ज्या प्रसंगामुळे आम्ही ही सेवा घेतली, तोच प्रसंग या पद्धतीत तळाशी गेला असता. 'आर' आणि 'एन'वाल्या त्या नावावर कोणतेही संकेतस्थळ नव्हते. तिथे होती ती मेल स्वीकारण्याची आणि पाठवण्याची व्यवस्था. ट्रेडमार्कचा खोटा वापर म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर नकली दुकान येते, नकली पान येते. पैशांची मोठी फसवणूक मात्र पुष्कळदा कोऱ्या पानामागच्या मेलमधून होते. नावाच्या नोंदींमध्ये मेल सर्व्हर नेमणारी 'एमएक्स' नोंद आहे की नाही, हे तपासायला सेकंदही लागत नाही, आणि सेवा ती नोंद तपासतही होती. फक्त गुण देताना तिला जवळजवळ काहीच वजन देत नव्हती.

मेलचा धोका फक्त खोटे मेल येण्यापुरता नसतो, खरे मेल भलतीकडे जाण्याचाही असतो, आणि तो अधिक गुपचूप असतो. २०११ मध्ये संशोधकांच्या एका गटाने अमेरिकेतील बड्या कंपन्यांच्या नावांसारखी काही नावे स्वतः नोंदली. त्यांत अक्षर चुकवलेले नव्हते. विभागाचे नाव आणि कंपनीचे नाव यांच्यामधला एक टिंब तेवढा गाळलेला होता. सहा महिन्यांत त्यांच्याकडे सुमारे १ लाख २० हजार मेल आपसूक चालत आले आणि एकूण मजकूर २० गीगाबाइटच्या घरात गेला. पाठवणाऱ्यांनी फक्त टंकताना घाई केली होती. २०२३ मध्ये अशीच एक हकीकत जाहीर झाली. अमेरिकी सैन्याच्या 'डॉट एमआयएल' या एक्स्टेन्शनमधला 'आय' टंकायचा राहून गेला की मेल 'डॉट एमएल' या मालीच्या एक्स्टेन्शनवर जातो, आणि अशा चुकलेल्या मेलांची संख्या त्या वर्षीच्या पहिल्या काही महिन्यांतच लाखावर गेली होती. गाळलेल्या टिंबाचा प्रकार आमच्या सेवेच्या शोधात मुळातच नव्हता. आम्ही लेखी मागणी केल्यावर आमच्या चार विभागांची नावे त्यांनी हाताने यादीत घातली. दुसऱ्याच महिन्यात त्यांपैकी एका नावाची जुनी नोंदणी आढळली, मेल स्वीकारण्याच्या व्यवस्थेसह. ते नाव किती काळ आमची पत्रे गोळा करत होते हे समजण्याचा कोणताही मार्ग नव्हता.

दुसऱ्या लिपीतली सारखी दिसणारी अक्षरे वापरून केलेल्या नावांच्या बाबतीत मात्र सेवेला पूर्ण गुण द्यावे लागतील. हा प्रकार जुना आहे. २००२ मध्येच दोन संशोधकांनी सिरिलिक, म्हणजे रशियन भाषेच्या लिपीतली, अक्षरे मिसळून 'मायक्रोसॉफ्ट डॉट कॉम'चा हुबेहूब दिसणारा जुळा नोंदवून दाखवला होता. २०१७ मध्ये दुसऱ्या एका संशोधकाने 'ॲपल' हे नाव पूर्णपणे सिरिलिक अक्षरांत नोंदवले आणि त्या काळचे काही ब्राउझर ते खरे ॲपल म्हणूनच दाखवत होते. क्रोमने आपल्या ५८व्या आवृत्तीत ही फट बुजवली. अशी नावे यंत्रणेच्या आत 'एक्स एन' आणि दोन जोडरेषांनी सुरू होणाऱ्या सांकेतिक रूपात साठवली जातात. सेवेची सूचना ते रूप, दिसणारे रूप आणि कोणते अक्षर कोणत्या लिपीतले आहे याचा तक्ता, असे तिन्ही एकत्र दाखवते. आमच्या विधी विभागातील सहकाऱ्यांना हा तक्ता इतका आवडला की वरिष्ठांना विषय समजावून देताना तेच पान उघडले जाऊ लागले. संगणकाच्या स्मृतीतला एखादा बिट उलटल्यामुळे तयार होणाऱ्या नावांवरही लक्ष ठेवल्याचे माहितीपत्रकात ठळकपणे लिहिले आहे. ही कल्पना खरी असून २०११ मध्ये ब्लॅक हॅट या संगणक सुरक्षेच्या परिषदेत मांडली गेली होती, पण आमच्या आकाराच्या कंपनीला तिचे ओझे वाटून घेण्याची गरज नाही. वर्षभरात त्या सदराखाली आलेली प्रत्येक सूचना योगायोगाने जुळलेल्या, निरुपद्रवी नावाची होती.

आता नाव बंद पाडण्याविषयी. तोतया नाव सापडले की कोणाला लिहायचे, हा पहिला प्रश्न असतो. २०१८ पूर्वी नावाचा मालक कोण, हे 'हू इज' या नोंदवहीत बहुधा दिसत असे. त्या वर्षीच्या मे महिन्यात युरोपचा विदा संरक्षणाचा नियम लागू झाला आणि तेव्हापासून मालकाचा तपशील बहुतेक ठिकाणी झाकलेला असतो. म्हणून पत्र जाते ते ज्या रजिस्ट्रारकडून, म्हणजे नावे नोंदवून देणाऱ्या कंपनीकडून, नाव घेतले त्याला, आणि ज्याच्या सर्व्हरवर पान ठेवले आहे त्या होस्टिंग कंपनीला. एप्रिल २०२४ पासून आयकॅनच्या करारात बदल झाला असून फिशिंग (खोट्या मेल किंवा पानांतून गुप्त माहिती उकळणे), मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) अशा गैरवापराचा पुरेसा पुरावा मिळाल्यास तो थांबवण्यासाठी कार्यवाही करणे रजिस्ट्रारवर बंधनकारक आहे. येथे 'पुरावा' हा शब्द महत्त्वाचा आहे. 'हे नाव आमच्या ट्रेडमार्कसारखे आहे' हा फिशिंगचा पुरावा होत नाही, आणि केवळ ट्रेडमार्कचा वाद असेल तर रजिस्ट्रार हात वर करतो, ते त्याच्या जागी योग्यही आहे. आमच्या सेवेची पहिली पत्रे नेमकी इथे फसली. त्यांत ट्रेडमार्क क्रमांक, नोंदणीचा दाखला, आमच्या कंपनीचा इतिहास असे सारे होते. फसवणुकीचा मेल मात्र त्याच्या संपूर्ण तांत्रिक शीर्षकासह (मेल कोणत्या सर्व्हरवरून कसा आला हे दाखवणाऱ्या नोंदींसह) जोडलेला नव्हता. आम्ही मजकुराचा क्रम उलटा करायला लावला. आधी फसवणुकीचा पुरावा, मग वेळ आणि सर्व्हरचा पत्ता, ट्रेडमार्क शेवटच्या ओळीत. त्यानंतर त्याच रजिस्ट्रारने दोन दिवसांत नाव स्थगित केले. हे शहाणपण सेवेकडून आमच्याकडे यायला हवे होते, प्रवास उलटा झाला.

जे नाव फसवणुकीसाठी वापरल्याचा पुरावा नाही, पण जे उघडउघड आमच्या नावावर डोळा ठेवून घेतले आहे, त्यासाठी वेगळा मार्ग आहे. आयकॅनने १९९९ मध्ये डोमेन विवादांसाठी एक समान धोरण स्वीकारले. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला यूडीआरपी म्हणतात. जागतिक बौद्धिक संपदा संघटना, म्हणजे वायपो, आणि आणखी काही मान्यताप्राप्त संस्था त्याखालील तक्रारी चालवतात. एकट्या वायपोकडे २०२३ मध्ये अशा सहा हजारांहून अधिक तक्रारी दाखल झाल्या. न्यायालयात न जाता, सर्व काही कागदोपत्री, साधारण दोन महिन्यांत निकाल, हे या मार्गाचे बलस्थान. प्रतिवादीला उत्तरासाठी २० दिवस मिळतात, आणि निकाल तक्रारदाराच्या बाजूने लागला तर दहा कामकाजाच्या दिवसांनंतर रजिस्ट्रार तो अमलात आणतो, अर्थात त्या मुदतीत प्रतिवादी न्यायालयात गेला नसेल तर. मिळते ते एवढेच: नाव रद्द होते किंवा आपल्याकडे येते. नुकसानभरपाईचा एक पैसाही या मार्गाने मिळत नाही.

तक्रारदाराला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात आणि तिन्ही कराव्या लागतात. नाव आपल्या ट्रेडमार्कशी गोंधळ होण्याइतके सारखे आहे, समोरच्याला त्या नावावर कोणताही न्याय्य हक्क किंवा हितसंबंध नाही, आणि नाव अप्रामाणिक हेतूने नोंदले असून त्याच हेतूने वापरलेही जात आहे. चुकीच्या स्पेलिंगच्या नावांत पहिली पायरी सहसा अडत नाही. जाणूनबुजून केलेली सहज चूक म्हणजे गोंधळात टाकणारे साम्यच, असे या तक्रारींचा निकाल देणारी तज्ज्ञांची पॅनेले वर्षानुवर्षे मानत आली आहेत. २००५ मध्ये गूगलने आपल्या नावात 'के', 'एच', 'एफ' किंवा 'आय' हे अक्षर घुसडून केलेली चार डॉट कॉम नावे एकाच तक्रारीत मिळवली. पण त्याच गूगलने २०११ मध्ये 'गॉगल' या नावासाठी केलेली तक्रार फेटाळली गेली. तो वाद या धोरणाच्या कक्षेत बसत नाही, असे पॅनेलने ठरवले. एका अक्षराच्या बदलाएवढाच फरक असलेले आणि शब्दकोशात स्वतःचा अर्थ असलेले नाव केवढ्याही मोठ्या कंपनीला आपोआप मिळत नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. तिसऱ्या पायरीवर 'वापर' म्हणजे काय, हा प्रश्न या धोरणाच्या पहिल्याच वर्षी उभा राहिला. २००० सालच्या टेलस्ट्रा प्रकरणात 'टेलस्ट्रा डॉट ऑर्ग' हे नाव कोणीतरी घेऊन नुसते ठेवून दिले होते, त्यावर काहीही चालू नव्हते. परिस्थिती तशी असेल तर नाव नुसते दाबून ठेवणे हाही अप्रामाणिक वापर ठरू शकतो, असे पॅनेलने म्हटले आणि आजही कोऱ्या पानांच्या तक्रारींत त्याच निर्णयाचा आधार घेतला जातो.

हे सगळे इतक्या तपशिलाने सांगण्याचे कारण सेवेने करून दिलेल्या मसुद्यात आहे. वर्षभरात आम्ही दोन तक्रारींचे मसुदे मागवले. पहिला वाचताना एका परिच्छेदात आमच्या नावाऐवजी भलत्याच कंपनीचे नाव आढळले, म्हणजे मजकूर साच्यातून काढलेला होता. ते एक वेळ सोडून देता येईल. पण अप्रामाणिक हेतूच्या भागात 'प्रतिवादीला तक्रारदाराच्या चिन्हाची माहिती असलीच पाहिजे' असे एक विधान ठोकून दिले होते आणि त्याखाली पुरावा म्हणून आमच्याच संकेतस्थळाचे पान जोडले होते. आम्ही किती जुने आहोत, ते नाव नोंदले गेले तेव्हा आमचे चिन्ह कोणत्या क्षेत्रात आणि कुठवर पोहोचले होते, प्रतिवादीने अशीच इतर कंपन्यांची नावे घेतली आहेत का, या तीन प्रश्नांवर पॅनेलचे समाधान व्हावे लागते आणि तिन्हींची उत्तरे शोधण्याची साधने सेवेच्या स्वतःच्या माहितीसाठ्यात पडून होती. त्याच सर्व्हरवर, त्याच आठवड्यात, तशाच पद्धतीने चुकवलेली आणखी नऊ कंपन्यांची नावे नोंदली गेली होती. हे आम्हाला त्यांच्याच शोधपानावर अर्ध्या तासात सापडले. पहारेकऱ्याला आणि वकिलाला एकमेकांची ओळख करून देणारे तिथे कोणी नव्हते. मसुदा शेवटी आमच्या नेहमीच्या वकिलांनी नव्याने लिहिला आणि नाव मिळाले.

दुसरी तक्रार आम्ही दाखलच केली नाही. सेवेने उच्च धोक्याचे म्हणून कळवलेल्या त्या नावावर एका असमाधानी ग्राहकाने आमच्या कामाविषयी सविस्तर टीका लिहिली होती. नाव आमच्या नावाशी मिळतेजुळते होते, पण पान उघडताच ते आमचे नाही हे कोणालाही कळले असते, आणि तिथे काही विकलेही जात नव्हते. यासारखा वाद अमेरिकेतील अपील न्यायालयापुढे २००५ मध्ये गेला होता. एका प्रसिद्ध धर्मोपदेशकाच्या नावात एक 'एल' जादा घालून त्याच्यावर टीका करणारे संकेतस्थळ कोणीतरी चालवले होते, आणि न्यायालयाने टीकाकाराच्या बाजूने निकाल दिला. सेवेच्या प्रतिनिधीने मात्र 'पाठवून तर पाहू, बहुतेक जण उत्तरच देत नाहीत' असा सल्ला दिला. मला हा सल्ला अत्यंत अयोग्य वाटला. तक्रारीचा असा वापर झाल्याचे दिसले तर पॅनेल निकालातच 'तक्रारदाराने नाव हिसकावण्यासाठी धोरणाचा गैरवापर केला' अशी नोंद करू शकते आणि ते निकाल जाहीर असतात. शिवाय त्या टीकेतले दोन मुद्दे खरे होते.

आता ते चौथे काम. दर महिन्याच्या अहवालाच्या शेवटी 'अद्याप उपलब्ध असलेली धोकादायक नावे' असे सदर असते आणि प्रत्येक नावापुढे ते तत्काळ विकत घेण्याचे बटण असते. या सेवेची मूळ कंपनी डोमेन नावे विकण्याचाच व्यवसाय करते, हे लक्षात घेतले की त्या सदराची लांबी समजते. वर काढलेल्या ४९३ या आकड्याकडे पुन्हा पाहिले तर खरेदी करून सुटका नाही हे उघड आहे. तरीही काही नावे घ्यावीतच. आपल्या नावातली अक्षरे टंकताना लोक प्रत्यक्षात जिथे चुकतात ती दोन-चार, दिसायला फसवणारी एखादी जोडी, आणि गाळलेल्या टिंबाची विभागनावे. कोणती चूक खरोखर होते, हे कल्पनेने ठरवण्यापेक्षा आपल्या ग्राहकसेवेच्या लोकांना विचारावे, त्यांना पाठ असते. घेतलेली नावे तशीच सोडू नयेत. त्यांवरून मेल जात नाही आणि येत नाही, असे सांगणाऱ्या नोंदी लावून ठेवाव्या लागतात, नाहीतर आपणच विकत घेतलेल्या नावाच्या आडून कोणी मेल पाठवू शकते. याविषयी सेवेने एक शब्दही सांगितला नव्हता. नव्या एक्स्टेन्शनसाठी २०१३ पासून ट्रेडमार्क क्लिअरिंगहाउस ही नोंदवही आहे. तिच्यात चिन्ह नोंदलेले असेल तर नवे एक्स्टेन्शन खुले होताना आधी नाव घेण्याची संधी मिळते आणि नंतरच्या किमान नव्वद दिवसांत कोणी तेच नाव घेऊ लागले तर त्याला इशारा जातो. मात्र हा इशारा मूळ चिन्हाशी तंतोतंत जुळणाऱ्या नावापुरता असतो. चुकवलेल्या स्पेलिंगला त्याचा फारसा अडसर नाही, पण माहितीपत्रकात ही नोंदवही आणि चुकवलेली नावे या दोन्ही गोष्टी एकाच दमात लिहिल्यामुळे तिच्यामुळे चुकवलेली नावेही अडतात, असा आमच्या वरिष्ठांचा वर्षभर समज होता.

फुकटात काय होते, हेही सांगितले पाहिजे. 'डीएनएसट्विस्ट' नावाचे मुक्त साधन आहे. नाव दिले की ते शेकडो चुकवलेली रूपे तयार करते आणि त्यांपैकी कोणती नोंदलेली आहेत, कोणावर मेलची व्यवस्था आहे, हे काही मिनिटांत दाखवते. आमच्या तंत्रविभागातील एका सहकाऱ्याने ते दर रात्री आपोआप चालेल अशी सोय केली आणि तीन महिने दोन्ही याद्या समोरासमोर ठेवल्या. एका अक्षराच्या चुकीच्या नावांत दोन्ही बरोबरीत होते. मेलची नोंद असलेली नावे फुकट साधनात वर दिसत, म्हणून आमच्या दृष्टीने ते अधिक उपयोगी ठरले. नावाला 'पेमेंट'सारखा शब्द जोडलेल्या प्रकारात मात्र सशुल्क सेवा कितीतरी पुढे होती, कारण ती रोजच्या सर्व नोंदी चाळते. फुकट साधन स्वतः तयार केलेल्या रूपांपुरते आणि आपण पुरवलेल्या शब्दांपुरतेच पाहते. घातक ठरलेल्या नावांपैकी निम्म्याहून अधिक या जोडशब्दांच्या प्रकारातली होती, त्यामुळे सेवेवरचा खर्च वाया गेला असे मी म्हणणार नाही.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. माहितीफलक स्वच्छ आहे, पण सूचना एकत्र बंद करण्याची सोय नसल्यामुळे पहिल्या महिन्यात बराच वेळ नुसत्या टिचक्या मारण्यात गेला. सहाय्यकांची उत्तरे एका दिवसात येतात आणि सभ्य असतात. अहवाल छापून वरिष्ठांपुढे ठेवण्याजोगे आहेत. त्यांतला 'एकूण रोखलेले धोके' हा आकडा मात्र मी प्रत्येक वेळी खोडून देत असे, कारण तो आलेल्या सर्व सूचनांची बेरीज आहे. रोखणे तर दूरच, त्यांतली बहुतेक नावे कोणी उघडूनही पाहिलेली नसतात.

ज्या कंपनीचे व्यवहार मेलवर चालतात, जिची देयके मोठी आणि ग्राहक थोडे आहेत, तिने या सेवेकडे जाण्याआधी फुकट साधन दोन-तीन महिने चालवून पाहावे आणि खाते बदलाची प्रत्येक सूचना फोनवर पडताळण्याची पद्धत ग्राहकांकडे रुजवावी. ज्यांचे ग्राहक लाखांनी आहेत आणि ज्यांच्या नावाने नकली लॉगिन पाने उभी राहतात, त्यांना छायाचित्रावरून गुण देण्याची हीच पद्धत लाभदायक ठरेल. आम्ही दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आहोत. म्हणून नूतनीकरण करताना फक्त पहाऱ्याचा आणि पाठपुराव्याचा भाग ठेवला, तक्रारींचे मसुदे आमच्या वकिलांकडे परत दिले आणि खरेदीचे सदर अहवालातून काढून टाकायला सांगितले. धोक्याच्या गुणांत मेलच्या नोंदीला छायाचित्राइतकेच वजन द्यावे, ही अट करारात लेखी घालून घेतली आहे. त्यांनी ती मान्य केली, पण अंमलबजावणीची तारीख द्यायला ते अजून तयार नाहीत.